कुरणाकडे जाणारी गाडी

परदेशातल्या त्या गोठ्यावर सगळे त्याला पुजारी म्हणत. त्यांच्या भाषेत पुजाऱ्याला जो शब्द आहे तो. खरं तर ह्या गृहस्थाने जन्मात कधी पूजा सांगितली नव्हती. घरी देवापुढे दिवासुद्धा बायको लावायची आणि हा बाजूला चहा पीत बसलेला असायचा. पण नाव पडलं ते पडलं. कामाचा पहिला दिवस. धारा काढायच्या शेडमध्ये गाई वर ओट्यावर ओळीने उभ्या राहतात आणि माणसं खाली खड्ड्यात, म्हणजे कास बरोबर डोळ्यांसमोर येते. सड धुवायचे, पुसायचे, हाताने थोडं दूध पिळून बघायचं आणि मग यंत्राचे कप लावायचे. तर पहिली गाय समोर आली आणि ह्याचा हात आपोआप तिच्या खुराला लागून कपाळाला गेला. लहानपणची सवय, दुसरं काय! शेजारी जाड्या, तिथलाच एक गडी, उभा होता, त्याने बाकीच्यांना हाक मारून दाखवलं, आणि सगळ्या खड्ड्यात हशा पिकला.

मालक मात्र हसला नाही. सरळ माणूस होता. स्वतः पहाटे शेडमध्ये यायचा, स्वतः शेण ओढायचा. चहाच्या सुट्टीत तो ह्याच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "खरंच देव मानता तुम्ही गाईला?"

"देव म्हणजे… आई," पुजारी म्हणाला.

"दूध देते म्हणून?"

"हो. म्हणजे नाही. नुसतं तेवढंच नाही."

आता ह्याच्या पुढे काय सांगणार? जी गोष्ट आपल्याला कधी कुणी समजावून सांगितलेली नसते, नुसती अंगात मुरलेली असते, ती परक्या भाषेत परक्याला सांगायची म्हणजे घाम फुटतो हो! मालक म्हणाला, "मी टीव्हीवर पाहिलंय. तुमच्याकडे रस्त्यावर गाई कचऱ्यातल्या पिशव्या खात होत्या. आई म्हणता आणि कचरा खायला सोडता?" विचारण्यात खोच नव्हती, म्हणून तर जास्त झोंबलं. पुजारी ओशाळं हसला आणि कप विसळायला उठला.

आता दुधाचा धंदा म्हटला की भाकड गाय आलीच. एखादी गाभ धरत नाही, एखादीची कास पुन्हा पुन्हा सुजते, एखादी पायाने अधू होते. मग अधूनमधून गाडी यायची. शेडच्या मागे गाडीला तिरकी फळी लावायची, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि गाई आत चढवायच्या. गाडी कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुजाऱ्यालाही होतं. पहिल्या खेपेलाच तो मालकाकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "एवढं काम मला सांगू नका." मालक बरं म्हणाला, एका शब्दाने बोलला नाही. त्या दिवशी गोठ्यावरच्या पोरांनी करंटची काठी चालवली. गाई बिथरल्या, एकीचा पाय फळीवरून घसरून कठड्यात अडकला आणि मोडला. पुजारी शेडमध्ये कानांवर हात दाबून उभा होता, तरी ऐकू यायचं ते आलंच.

पुढच्या खेपेला तो आपण होऊन गेला. आणि झालं असं, की गाई त्याच्या मागून मुकाट चढल्या. काठी नाही, आरडाओरडा नाही. रोज जो हात मानेवरून फिरायचा त्या हातामागे त्या निघाल्या, एवढंच. मालक खूश. जाड्या म्हणाला, "ह्या कामाला पुजारीच पाहिजे!" तेव्हापासून ते काम ह्याच्या गळ्यात पडलं. जायचंच आहे तर निदान भेदरून जाऊ नये, असं तो स्वतःला समजवायचा. हे काही खोटं नव्हतं. पण गाडीच्या दिवशी घरी आला की त्याला जेवण जायचं नाही, आणि बायकोने विचारलं तर पित्त उसळलंय म्हणून सांगायचा. नोकरी सोडावी असंही मनात यायचं. पण तिथे राहायची परवानगी ह्याच नोकरीवर टांगलेली, मुलीची शाळा नुकती रुळलेली. आणि आडपडदा न ठेवता सांगायचं तर हिंमत नव्हती.

आणि तिकडे घरी आई! तिने ओळखीच्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमचा धाकटा परदेशात गोसेवा करतो."

"अगं, पगारी नोकरी आहे ती," हा फोनवर म्हणायचा.

"असू दे. पगार देतात म्हणून सेवा थोडीच कमी होते?"

एकदा तिने सहज विचारलं, "का रे धाकट्या, भाकड झाल्या की त्यांचं काय करतात?" साधा प्रश्न. तिच्या दारची गाय म्हातारी होऊन दारातच गेली होती, आणि शेवटी शेवटी तर आई तिला ओंजळीने पाणी पाजायची. पुजाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "टेकडीच्या पलीकडे मोठं कुरण आहे. तिकडे नेऊन सोडतात."

"ऐकलंत का!" आई तिकडे कुणाला तरी ओरडून सांगायला लागली. "परकी माणसं, पण केवढी माणुसकी!"

पुढे ते कुरण वाढतच गेलं. तिथे ओढा आला, सावलीला झाडं आली, थंडीपावसासाठी छप्पर आलं. आई विचारायची आणि हा बांधत जायचा.

मग सुनेने आग्रह केला म्हणून आई काही महिने राहायला आली. आल्या आल्या, बॅगा उघडायच्या आधी तिचं सुरू, "गाई कधी दाखवतोस?" मालकाने हरकत घेतली नाही. उलट रबरी बूट आणून दिले. ते तिच्या गुडघ्यापर्यंत आले. त्यात साडी खोचून आई शेडमध्ये शिरली आणि जागच्या जागी थबकली.

"अगबाई! शिंगं कुठं गेली सगळ्यांची?"

"लहानपणीच काढतात गं. एकमेकींना लागतात म्हणून."

"आणि कानात बिल्ले कसले?"

"नंबर आहेत."

"नंबर? ह्या काय तुरुंगात आहेत? नावं नाहीत का कुणाला?"

मग तिने स्वतःच नावं द्यायला घेतली. एक गाय होती, उंच, हाडापेराने मोठी. रवंथ करता करता येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी बघायची, की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. आई म्हणाली, "ही बघ, हुबेहूब तुझी आत्या!" झालं. ती आत्याबाई. सून तिला कधी सकाळी, कधी दुपारी गोठ्यावर सोडायची आणि आई संध्याकाळच्या धारांपर्यंत तिथेच. कुणाची मान खाजव, कुणाला दोन शब्द सुनाव. आत्याबाई तर तिच्यामागून कठड्याच्या कडेकडेने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची.

पोरांनी आधी चेष्टा केली. जाड्या हात जोडून, डोळे मिटून आईची नक्कल करायचा. आईला ती चेष्टा कळलीच नाही. तिला वाटलं हा नमस्कार शिकतोय, म्हणून तिने त्याचे पंजे धरून नीट जुळवून दिले. बिचारा लाजला आणि मग नक्कल बंद झाली. मालक लांबून बघत राहायचा. एकदा पुजाऱ्याला म्हणाला, "काय बोलते ती त्यांच्याशी?"

"कशी आहेस म्हणून विचारते."

"आणि?"

"आणि स्वतःच सांगते, बरी आहेस म्हणून."

मालक हसला. म्हणाला, "माझी आजी असंच करायची. आम्ही तिला वेडी समजायचो."

आणि मग एका सकाळी आत्याबाईच्या पाठीवर निळी खूण दिसली. दूध आटलं होतं, गाभ राहत नव्हता. निळी खूण म्हणजे गाडी. दुपारी आईने विचारलंच, "हे काय लावलंय रे हिला?"

"ती… कुरणात जायची आहे."

"अगबाई, पेन्शनीत निघाली म्हणा की!" आईने तिच्या मानेवर थाप मारली. "नशीब काढलंस गं आत्याबाई."

गाडीच्या दिवशी काहीही करून आईला घरी ठेवायचं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. तिने ती फळी बघता कामा नये, तो गाडीवाला बघता कामा नये, आणि आपल्याला तर तिथे मुळीच बघता कामा नये. बायकोला सांगितलं, "आज शेडमध्ये औषध मारणार आहेत, सकाळी आईला आणू नकोस." पण गाडी सकाळी आलीच नाही, रस्त्यात कुठेशी बिघडून बसली. ती उगवली दुपारी. त्याने घाईघाईने घरी फोन लावला, तर बायको म्हणाली, "अहो, सकाळचं म्हणाला होतात ना? आत्ताच सोडून आले मी त्यांना फाटकाशी."

बाकीच्या गाई चढल्या होत्या. आत्याबाई अडली. पुजाऱ्याने चुचकारलं, मानेवर हात ठेवला, पुढे होऊन हाक मारली. तिने फळीच्या तोंडाशी चारी पाय रोवले. आधीच उशीर झालेला, गाडीवाला चिडून काहीबाही बोलत होता. शेवटी जाड्या नाइलाजाने करंटची काठी घेऊन आला.

"अरे ए! मारतोस काय तिला?"

रबरी बूट फटक फटक वाजवत आई येत होती. जाड्याला तिची भाषा कळत नव्हती, पण आवाज कळला. त्याने काठी खाली घेतली.

"कुठं नेताय रे हिला?" आईने पुजाऱ्याला विचारलं.

इथे बोलता आलं असतं. खरं नाही तर नाही, "तू आत जाऊन बस" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण जाड्या काठी घेऊन उभा, मालक ट्रॅक्टरवरून बघतोय, गाडीवाल्याची कुरकुर चालू, आणि आईच्या डोळ्यांत तो भाबडा राग. त्या डोळ्यांपुढे ह्याची जीभ उचलेना. जी उचलली ती जुन्याच वळणावर गेली.

"कुरणात," तो म्हणाला.

"मग तसं तिला सांगायला नको? मुकं जनावर ते, त्याला काय ठाऊक कुठं चाललोय!"

आणि कठड्याला धरून आई फळी चढायला लागली. "चल गं आत्याबाई, चल माझे बाई, मी आहे ना." आत्याबाईने एक पाय उचलून फळीवर ठेवला. मग दुसरा. गाडीत शिरेपर्यंत तिने आईच्या पदराला नाक लावलेलं होतं. आत अंधारात आई तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत काहीतरी बोलत राहिली. शब्द नीट ऐकू येत होते. "पोटभर चर हो. आता कुणी धारा काढायचं नाही, कुणी हाकायचं नाही." मग तिच्या पाठीवरून हात फिरवून तो आईने डोळ्यांना लावला आणि बाजूच्या छोट्या दाराने बाहेर आली. पुजाऱ्याने तिला हात देऊन खाली उतरवलं. मग मागचं दार लावलं आणि अडसर सरकवला. तेवढ्या वेळात किती वेळा तोंड उघडता आलं असतं, हे तो पुढे रोज मोजायचा आणि दरवेळी ते जास्तच भरायचं.

मालक ट्रॅक्टरवरून खाली उतरून उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. पुजाऱ्याला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "तिला ठाऊक आहे, गाडी कुठे जाते ते? तरीसुद्धा गेली वर?"

पुजाऱ्याने मान डोलावली. का डोलावली? नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मालक घरी आला. कधी न येणारा माणूस, धुतलेला शर्ट घालून, हातात दुधाची किटली घेऊन. बायको मुलीला घेऊन बाजारात गेली होती. आई खिडकीपाशी वाटाणे सोलत बसली होती. मालक तिच्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पुजाऱ्याला म्हणाला, "मी सांगतो ते शब्दाला शब्द सांग." मग तो आईकडे बघून बोलायला लागला. म्हणाला, मला वाटायचं तुम्हा लोकांना माझा तिरस्कार वाटत असेल. तुमचं ते गाईला आई मानणं मला खरं सांगायचं तर ढोंग वाटायचं. नुसतं हात जोडायचे आणि तोंड फिरवायचं. पण तुम्ही तोंड फिरवलं नाहीत. ती कुठे चाललीय हे ठाऊक असून, तिला भीती वाटू नये म्हणून तुम्ही तिच्याबरोबर वर गेलात. मी जन्मभर गाई पाळल्या, पण एकीबरोबरही ती फळी चढलो नाही. आता मला कळलं तुमची श्रद्धा म्हणजे काय ते.

आई हसतमुखाने ऐकत होती. "काय म्हणतायत रे?"

पुजारी म्हणाला, "म्हणतायत… तुझा हात चांगला आहे."

मालकाने भुवया वर केल्या. "मी इतकं बोललो, आणि तुमच्या भाषेत ते एवढंच झालं?"

पुजारी खाली बघत राहिला. कान लालबुंद झाले होते. मालकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईच्या हसऱ्या तोंडाकडे, आणि तो सावकाश उठून उभा राहिला.

"तिला ठाऊक नाही," तो म्हणाला.

पुजाऱ्याने खाली पडलेला एक वाटाणा उचलून ताटात टाकला.

"मी गाई कापायला पाठवतो. माझा धंदा आहे. पण माझ्या आईपासून मी ते कधी लपवलं नाही." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "उद्यापासून तू गाडीपाशी यायचं नाहीस. पोरं काय करायचं ते काठीने करतील."

दार लागलं. आईला काहीच समजेना. "का रे, रागावले का ते? चहासुद्धा घेतला नाही. माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझं काही नाही."

"मग बरं." तिने पुन्हा शेंग हातात घेतली. "हे बघ, पुढच्या खेपेला गाडी आली की मलाच बोलव हं. ती पोरं धसमुसळी आहेत. माझ्या हाताने शहाण्यासारख्या चढतील सगळ्या."

आता मात्र ह्याचं अवसान गेलं. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आई, कुरण नाहीये."

"नाहीये म्हणजे? मग कुठं नेतात?"

"कापायला."

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. ती काही ओरडली नाही, रडली नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, लहानपणी ताप आल्यावर बघायची तशी. मग म्हणाली, "मी यायच्या आधी कोण चढवायचं?"

"मीच."

"सगळ्या?"

"सगळ्या."

आईने मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि ती आत जाऊन पडली.

त्या दिवसापासून ती गोठ्यावर गेली नाही. सुनेला सांगितलं, गुडघे दुखतात. स्वैपाकघरात पाऊल टाकलं नाही. नातीची वेणीसुद्धा घालेना, म्हणे बोटं आखडतात. बायको हळहळली, तिने तेल गरम करून दिलं, तर आई स्वतःच्या बोटांना तेल चोळत बसली, खरोखरच दुखत असल्यासारखी. फोनवर मावशीने विचारलं, "काय म्हणतात तुझ्या गाई?" पुजारी दाराआडून ऐकत होता. आई म्हणाली, "आहेत. बऱ्या आहेत. टेकडीपलीकडे मोठं कुरण आहे त्यांना." जन्मात जिने साध्या शेजारणीला खोटं सांगितलं नाही, ती त्याच्यापायी खोटं बोलत होती, आणि तेही त्याच्याच शब्दांत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा त्याने हिय्या करून म्हटलं, "आई, मला चार शिव्या तरी दे." ती म्हणाली, "तू पोटासाठी केलंस. मला कुठं पोट भरायचं होतं?"

गोठ्यावर तो आता फक्त खड्ड्यात उभा राहायचा. मागे गाडी लागली की काठीचा आवाज यायचा, मग गाईंचा. जाड्या आत येऊन त्याच्याकडे न बघता हात धुवायचा.

आईचा जायचा दिवस आला. विमानतळावर सामान आत गेलं, बायकोने डोळे पुसले, नात आजीला बिलगून बाजूला झाली. पुजारी वाकला आणि पाया पडला. नेहमी त्याचं डोकं खाली जायच्या आत आईचा तळवा त्याच्या केसांवर आलेला असायचा. आज तो आला नाही. त्याने तसंच वाकलेलं राहून वर पाहिलं. आईने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते. रागावलेली नव्हती.

"सुखी राहा रे," ती म्हणाली. "तोंडाने म्हणते. पण ह्या हातांनी नको."